घरचं माणूस तुरुंगात आहे: नातेवाईक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

येरवडा, आर्थर रोड, तळोजा, नाशिकरोड, हर्सूल, कळंबा. यातल्या कुठल्याही तुरुंगाच्या दारात सकाळी गेलात तर रांगेत बहुतेक बायकाच दिसतील. कुणाच्या कडेवर लेकरू, कुणाच्या हातात कपड्यांची पिशवी. खालचे प्रश्न त्यांचेच आहेत. ते बहुतेक रात्री दहानंतर फोनवर येतात, मुलं झोपली की. उत्तरं महाराष्ट्रापुरती आहेत. गोव्यातल्या कोलवाळ तुरुंगातल्यांच्या घरच्यांना कायद्याची उत्तरं लागू पडतील, योजनांची नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. पुढे नुसतं 'संहिता' म्हटलं असेल तिथे तीच समजावी.

१. पोलीस रात्री त्याला घेऊन गेले. तो नेमका कुठे आहे हे कुणी सांगत नाही. काय करू?

अटक केली की घरच्या किंवा ओळखीच्या एका माणसाला ती कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे (संहितेचं कलम ४८). आणि २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं. म्हणून ठाण्यात कुणी दाद देत नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ठाण्याच्या हद्दीतल्या कोर्टात जाऊन बसा. तिथे तो दिसण्याची शक्यता सगळ्यात जास्त. गुन्हा क्रमांक मिळाला की वहीत लिहून ठेवा. पुढे वर्षानुवर्षं प्रत्येक खिडकीवर तोच विचारतात.

२. कोर्टात 'पीसीआर' मिळाला म्हणाले, मग 'एमसीआर'. म्हणजे काय?

पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी: माणूस लॉकअपमध्ये, चौकशी चालू. ती एकूण १५ दिवसांची, पण नव्या संहितेत तुकड्यातुकड्यांनीही मागता येते. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी: माणूस तुरुंगात. एमसीआर झाला की घाबरून रडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, पण खरं तर तिथून जामिनाचा मार्ग मोकळा होतो. एक आकडा लक्षात ठेवा: गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र (चार्जशीट) दाखल झालं नाही तर जामीन मिळणं हा हक्क होतो (कलम १८७). पण त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि तो दोषारोपपत्र येण्याआधीच पडला पाहिजे. एकसष्टाव्या किंवा एक्याण्णवाव्या दिवशी वकिलाला फोन करायला विसरू नका. काही विशेष कायद्यांत ही मुदत वाढवून घेता येते.

३. पहिल्यांदाच भेटायला जाणार आहे. काय न्यायचं, काय नाही?

स्वतःचं मूळ ओळखपत्र, त्याचं संपूर्ण नाव वडिलांच्या नावासह, कोणत्या कोर्टाची कोठडी आहे ते आणि गुन्हा क्रमांक. कच्च्या कैद्याची, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेल्याची, भेट साधारण आठवड्याला होते, शिक्षा झालेल्याची त्याहून कमी वेळा. वार आणि नावनोंदणीची वेळ प्रत्येक तुरुंगाची वेगळी, म्हणून आधी गेटवर विचारून घ्या. मधे काच असते, बोलणं इंटरकॉमवर. वेळ थोडा असतो आणि अर्धा रडण्यात जातो, तेव्हा विचारायच्या चार गोष्टी कागदावर लिहून न्या.

कच्चे कैदी स्वतःचे कपडे वापरू शकतात. घरचं जेवण मात्र कोर्टाचा हुकूम असेल तरच. औषधं थेट देता येत नाहीत. डॉक्टरची चिठ्ठी तुरुंगाच्या दवाखान्यापर्यंत पोचवावी लागते. बीपी, साखर, फिट्स, मानसिक आजार यातलं काही असेल तर जुने कागद झेरॉक्स करून पहिल्याच खेपेला अधीक्षकांच्या नावे अर्जासोबत द्या आणि पोच घ्या. आत तब्येत बिघडली तर कोर्टात उपचारांचा अर्ज करताना हीच पोच कामाला येते.

४. आम्ही गडचिरोलीत, तो नागपुरात. दर वेळी येणं परवडत नाही.

तुरुंगांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर 'ई-मुलाखत' आहे. नोंदणी करून व्हिडिओवर भेटता येतं. मोबाइल जमत नसेल तर गावातल्या आपले सरकार केंद्रावर किंवा कॉलेजात शिकणाऱ्या कुणाकडून नोंदणी करून घ्या. आतून फोन करण्याची सोयही आहे, पण त्यासाठी तुमचा नंबर त्याने आत नोंदवलेला हवा. नंबर बदलू नका. रिचार्ज संपून सिम बंद पडलं आणि तीन महिने बोलणंच नाही, असं फार घरांत झालं आहे.

५. आत पैसे कसे पाठवायचे? एक जण म्हणतो, 'माझ्याकडे द्या, मी पोचवतो.'

त्या 'एका जणा'ला काहीही देऊ नका. पैसे मनीऑर्डरने किंवा त्या तुरुंगाने ठरवलेल्या रीतीने त्याच्या खात्यावर जमा होतात. त्यातून तो कँटीनचं सामान घेतो: साबण, बिस्किटं, पेस्ट. महिन्याला किती पाठवता येतात याची मर्यादा आहे, ती गेटवर कळेल. माझं मत स्पष्ट आहे: घरात दूध बंद करून आत पैसे पाठवू नयेत. आत जेवण मिळतं. बाहेरच्या लेकरांना ते कुणी देत नाही.

६. वकील ५० हजार मागतोय. मंगळसूत्र मोडू का?

थांबा. आधी जिल्हा कोर्टात जाऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय शोधा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या प्रत्येक माणसाला मोफत वकील मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नाही. बऱ्याच जिल्ह्यांत आता 'लोकअभिरक्षक' कार्यालयं आहेत, तिथले वकील पूर्ण वेळ फक्त हेच काम करतात. तुरुंगाच्या आतही विधी सेवेचे स्वयंसेवक असतात, अर्ज त्याने आतून केला तरी चालतो. फोनसाठी १५१००.

'फुकटचा वकील लक्ष देत नाही' हे मी रोज ऐकते. काही वेळा ते खरंही असतं. पण ५० हजार घेऊन तारखेला न येणारेही कमी नाहीत. मोफत वकिलाने पैसे मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. वकील बदलूनही मिळतो.

७. जामीन मंजूर होऊन महिना झाला. तरी तो आतच. का?

बहुतेक वेळा पैशामुळे. हुकुमात 'पंधरा हजारांचा जामीनदार' लिहिलेलं असतं आणि जामीनदार मिळत नाही. ३१ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांतल्या तीन गोष्टी सांगते. जामिनाच्या हुकुमाची प्रत कोर्टाने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगाला पाठवायची. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिनाभरात बंधपत्र भरलं गेलं नाही तर अट सैल करता येईल का, हे कोर्ट आपणहून पाहू शकतं. म्हणजे महिना उलटलाय तर तुमचा मुद्दा पक्का आहे. वकिलामार्फत रक्कम कमी करण्याचा, रोख जामिनाचा किंवा नुसत्या जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर, सोडण्याचा अर्ज टाका.

शिवाय केंद्राची २०२३ ची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे. जिल्ह्याची समिती कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी मदत मंजूर करते. २०२३ च्या नियमांत ही मर्यादा ४० हजार आणि २५ हजार होती, सध्याची विधी सेवा प्राधिकरणात विचारा. अमली पदार्थ, यूएपीए (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा), मनी लाँडरिंग आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखालच्यांना ती नाही. योजना कागदावर चांगली आहे, पण तिच्यासाठी कुणीतरी मागे लागावं लागतं. ते 'कुणीतरी' तुम्ही.

८. जामीनदार कोण चालतो? कोर्टाबाहेर दोन हजारांत मिळतो म्हणतात.

भाड्याचा जामीनदार घेऊ नका. त्याचे कागद बहुतेक खोटे असतात. पकडला गेला तर जामीन रद्द होऊन तुमच्यावर दुसरा गुन्हा दाखल होतो. खऱ्या जामीनदाराला ओळखपत्र, रेशनकार्ड आणि ऐपतीचा पुरावा लागतो: सातबारा, घरपट्टीची पावती, पगारपत्रक, नाहीतर तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला.

'तुमचा भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला, तो चालणार नाही' असं सांगितलं तर १९७८ चा मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा निकाल वकिलाला आठवून द्या. तिथे एका गवंड्याच्या भावाला मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवलं. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आलेल्या घरांना हा निकाल फार उपयोगी पडतो.

९. तीन वर्षं झाली, खटला सुरूच होत नाही. काही मर्यादा आहे की नाही?

आहे. संहितेचं कलम ४७९: त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला तर जामिनावर सोडायचं. आयुष्यात पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश पुरे. घरातल्या चोरीला कमाल सात वर्षं आहेत, म्हणजे पहिल्या गुन्ह्याला २ वर्षं ४ महिने. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही एक तृतीयांशाची सवलत जुन्या खटल्यांनाही लागू केली. कोर्टाला कळवायची जबाबदारी अधीक्षकांची.

अपवाद दोन, आणि दोन्ही मोठे. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते अशा गुन्ह्याला हे कलम नाही. एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तरीही नाही. तरी नियमित जामिनाचा अर्ज करता येतोच. शेवटी शिक्षा झालीच तर आत काढलेले दिवस त्यातून वजा होतात (कलम ४६८).

१०. मुलगा सहा वर्षांचा आहे. 'पप्पा दुबईला गेलेत' असं सांगितलंय. आता तो रोज व्हिडिओ कॉल मागतो.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याला कलम नाही.

दुबईची गोष्ट शाळेच्या बसमध्ये फुटते. कुणीतरी मोठा मुलगा सांगतो, आणि मग पोराला दोन गोष्टी एकदम कळतात: बाप तुरुंगात आहे आणि आई खोटं बोलली. आधीच सांगितलेलं बरं. लांबण लावू नका. मी सुचवते ते असं: "पप्पांवर पोलिसांनी एक आरोप केलाय. खरं काय ते कोर्ट ठरवणार आहे. तोवर त्यांना एका जागी राहावं लागतंय, तिथून बाहेर येता येत नाही. जेवण मिळतं, झोपायला जागा आहे. तू काही केलंस म्हणून ते गेले नाहीत." शेवटचं वाक्य गाळू नका. त्या रात्री आपण हट्ट केला म्हणून पोलीस आले, असं लहान मुलांना मनात खरंच वाटत असतं आणि ती ते बोलत नाहीत.

तारखेचं वचन देऊ नका. 'दिवाळीला येतील' म्हणालात आणि दिवाळी गेली की पुढचं काहीच त्याला खरं वाटणार नाही. शिक्षा झाली असेल तर तेही सांगा, गुन्ह्याचा तपशील वयाप्रमाणे. शाळेत सगळ्यांना सांगायची गरज नाही. विश्वासातल्या एका बाईंना सांगून ठेवा, म्हणजे पोरगं मारामारी करून आलं तर निदान एका माणसाला कारण ठाऊक असेल.

भेटीला नेणार असाल तर आदल्या रात्रीच काचेचं सांगा. नाहीतर पोरगं काचेवर हात आपटतं, बाप पलीकडे रडतो आणि पुढची भेट दोघांनाही नको होते. शिक्षा झालेल्या कैद्यांच्या मुलांसाठी काही तुरुंगांत अधूनमधून 'गळाभेट' होते. तेव्हा काच नसते, मूल मांडीवर बसू शकतं. तारीख कैद्यांना आत कळते, म्हणून त्याला नाव द्यायला सांगा.

११. सून आत आहे. तिची चार वर्षांची मुलगी कुणाकडे राहील?

सहा वर्षांपर्यंत मूल आईजवळ तुरुंगात राहू शकतं. २००६ च्या आर. डी. उपाध्याय निकालानंतर त्याच्या जेवणाची, दवाखान्याची, पाळणाघराची सोय तुरुंगाने करायची असते. सहानंतर नातेवाईक किंवा बालगृह. घरी ठेवायचं की आत, हे आईला विचारून ठरवा. आजी प्रेमाने नेते आणि आईला आत कागदावर सही करावी लागते, तेव्हा ती काय गमावते हे कुणी विचारत नाही. सांभाळणारं कुणीच नसेल तर १०९८ वर फोन करा किंवा जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे जा.

१२. घर चालवायला सरकारकडून काही मिळतं का?

मिळतं, पण पात्रतेचे शब्द नीट वाचा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या यादीत 'तुरुंगात शिक्षा भोगत असलेल्या कैद्याची पत्नी' आहे. महिन्याला १,५०० रुपये. अर्ज तहसील कार्यालयात, सोबत तो शिक्षा भोगतोय याचा तुरुंगाचा दाखला. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार, जी धुणीभांडी करणारी बाईसुद्धा ओलांडते. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर वाट सोपी.

अडचण 'शिक्षा भोगत असलेल्या' या शब्दांत आहे. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यातली ४,३४,३०२ कच्ची. म्हणजे चारांतल्या तिघांच्या बायका या यादीत बसतच नाहीत. त्यांचं घर मात्र पहिल्या दिवसापासून बंद पडलेलं असतं.

कच्च्या कैद्याच्या घरासाठी मी आधी बालसंगोपन योजना सुचवते (आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना). प्रत्येक मुलामागे महिना २,२५० रुपये, १८ वर्षांपर्यंत. यादीत जन्मठेपेच्या कैद्यांची मुलं थेट आहेत. बाकीच्यांनी 'कौटुंबिक संकटात, एकच पालक सांभाळतोय' या आधारावर अर्ज करावा. तो जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात द्यायचा, हुकूम बालकल्याण समिती काढते.

पक्का कैदी आत काम करून कमावतो, ते पैसे घरी पाठवू शकतो. २०२२ मध्ये येरवड्यात राज्य सहकारी बँकेची 'जिव्हाळा' कर्जयोजना सुरू झाली: ५० हजारांपर्यंत, व्याज ७ टक्के, फेड त्याच्या मजुरीतून. अर्ज त्याने आतून करायचा.

मुंबई-ठाण्यात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून हे काम करतोय. अमरावतीकडे 'वऱ्हाड' ही संस्था कैद्यांच्या मुलांसाठी काम करते.

१३. संजय गांधीचे पैसे घेतले तर लाडकी बहीण बंद होईल का?

हो. दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण नाही. दोन्हींपैकी एकच. बालसंगोपन मुलाच्या नावाने असतं, तो हिशेब वेगळा.

१४. रेशन, बँक, दाखले, सगळं त्याच्या नावावर. सही कशी मिळवू?

रेशनला त्याचा अंगठा लागत नाही, कार्डावरच्या कुणाचाही चालतो. अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे कुटुंबप्रमुख घरातली थोरली बाईच असते. मुलांच्या जातीच्या दाखल्याला त्याची हजेरी लागत नाही. त्याचे, आजोबांचे किंवा चुलत्यांचे शाळा सोडल्याचे दाखले शोधा. बँक, घरभाडे, जमीन यासाठी कुलमुखत्यारपत्र, म्हणजे त्याच्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार, करावं लागतं. वकील ते तयार करतो आणि आतली सही अधीक्षकांसमोर होते. दीर किंवा सासरे 'आमच्या नावे करून दे' म्हणत असतील तर सहीआधी विधी सेवेच्या वकिलाला दाखवा (प्रश्न ६).

१५. तो झेडपीत नोकरीला होता. पगार बंद झाला.

सरकारी नोकर ४८ तासांहून जास्त कोठडीत राहिला की निलंबित मानला जातो. निलंबन म्हणजे बडतर्फी नाही. निर्वाह भत्ता मिळतो, सुरुवातीला साधारण निम्म्या पगाराइतका. तो मागावा लागतो, कार्यालय आपणहून क्वचितच देतं.

१६. सासूबाई गेल्या. त्याला अंत्यविधीला आणता येईल का?

कच्चा की पक्का, त्यावर आहे. पक्क्या कैद्याला आकस्मिक अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, अधीक्षकच देऊ शकतात. मृत्यूचा दाखला किंवा ग्रामपंचायतीचं पत्र घेऊन कुणीतरी लगेच तुरुंगात पोचा. नुसता फोन पुरत नाही. कच्च्या कैद्याला रजा नसते. वकिलाने त्याच दिवशी कोर्टात तात्पुरत्या जामिनाचा किंवा पोलीस बंदोबस्तात नेण्याचा अर्ज टाकायचा. अशी वेळ सुट्टीच्या दिवशीच येते, म्हणून वकिलाचा घरचा नंबर वहीत असू द्या.

१७. संचित रजा आणि अभिवचन रजा एकच ना?

नाही. संचित रजा म्हणजे फर्लो. ठराविक शिक्षा भोगल्यावर ती मिळते, कारण सांगावं लागत नाही, आणि ते दिवस शिक्षेतच धरतात. अभिवचन रजा कारणासाठी असते: घरातलं गंभीर आजारपण, बायकोचं बाळंतपण, पुरात घर पडणं. ते दिवस शिक्षेत धरत नाहीत. दोन्हीत गावच्या ठाण्याचा अहवाल मागवतात आणि गाडी तिथेच अडते. 'गावात शांतता बिघडेल' असं एक ओळीचं उत्तर येतं. शेजाऱ्यांच्या लेखी संमतीसह सरपंचाचं पत्र अर्जासोबत आधीच जोडा. नाकारलं तर अपील आहे, आणि मुंबई उच्च न्यायालय एका ओळीचे असे नकार रद्द करत आलं आहे.

१८. तो आत आहे, तरी पोलीस आमच्या पालावर येतात. मला ठाण्यात बोलावतात.

साक्षीदार म्हणून चौकशीसाठी बाईला, १५ वर्षांखालच्या मुलाला आणि ६० वर्षांवरच्या माणसाला ठाण्यात बोलावता येत नाही, घरी येऊनच विचारावं लागतं (कलम १७९). लेखी नोटीस मागा. पारधी वस्त्यांवरून हा प्रश्न सतत येतो. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण ठाण्यातल्या सवयी रद्द व्हायच्या राहिल्या. तक्रार पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा.

१९. नवऱ्याला दहा वर्षं झाली. मला घटस्फोट हवाय. मी वाईट आहे का?

नाही. कायद्याचं म्हणाल तर लग्न कोणत्या कायद्याखाली झालं त्यावर आहे. विशेष विवाह कायदा १९५४ आणि मुस्लिम विवाहविच्छेद कायदा १९३९ यांत सात किंवा अधिक वर्षांची शिक्षा हे कारण आहे. हिंदू विवाह कायद्यात नुसती शिक्षा हे कारण नाही. क्रूरता वगैरे दुसरं कारण दाखवावं लागतं, नाहीतर त्याची संमती. मोफत वकील तुम्हालाही मिळतो, बाई म्हणून, त्याच कलम १२ खाली.

२०. मुलाने त्याच्या बापालाच मारलं. मी आई आणि विधवाही. मी कुणाच्या बाजूने?

तुम्हाला बाजू निवडायला कोर्ट सांगत नाही, साक्षीला बोलावलं तर जे पाहिलं तेच सांगायचं असतं. भेटायला जाणं किंवा न जाणं, दोन्ही तुमच्या हातात आहे. तुम्ही मृताची पत्नी आहात, त्यामुळे पीडितांच्या नुकसानभरपाईसाठीही अर्ज करू शकता, त्याच विधी सेवा प्राधिकरणाकडे.

२१. आमचा माणूस खरंच दुबईच्या तुरुंगात आहे.

परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासाला पासपोर्टची प्रत पाठवा. शिक्षा झालेल्या कैद्याला उरलेली शिक्षा भोगायला भारतात आणण्याचा करार अमिरातीशी आहे. पण त्याची स्वतःची संमती लागते आणि वेळ फार लागतो.

२२. उद्या सुटणार म्हणतात. किती वाजता येऊ?

हुकूम तुरुंगात पोचण्यावर आहे. ठराविक वेळेनंतर आला तर सुटका दुसऱ्या दिवशी, म्हणून परतीचं शेवटचं वाहन धरायची घाई करू नका, मुक्कामाची सोय ठेवा. त्याला चपला आणि खाणं न्या. अटकेवेळी जमा झालेलं पाकीट, घड्याळ पावतीप्रमाणे मोजून घ्या. मग दोन गोष्टी विचारा: ठाण्यात हजेरी कोणत्या वारी आणि पुढची तारीख कोणती. सुटल्याच्या गडबडीत तारीख चुकली की वॉरंट निघतं, आणि मग पुन्हा प्रश्न १.